पित्याच्या मानसिक आधाराचा शोध : ‘नटसम्राट’, ‘गाभ्रीचा पाऊस’ आणि ‘अस्तु’

प्रास्ताविक

मराठी साहित्याने आईच्या दुःखाला जेवढे शब्द दिले, तेवढे वडिलांच्या दुःखाला दिले नाहीत, हे विधान आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाचेच उदाहरण घेता येईल. त्या घरावर कर्ज आहे, जप्तीची नामुष्की आहे आणि हे कर्ज वडिलांच्या नावावर आहे. तरीही वाचकाच्या स्मरणात राहतात ते आईचे अश्रू. ज्या माणसाच्या डोक्यावर कर्जाचा बोजा आहे, त्याच्या मनात त्या काळात काय चालले असेल, हा प्रश्न पुस्तकही विचारत नाही आणि पिढ्यान् पिढ्या ते वाचणाऱ्या आपणही विचारलेला नाही.

मात्र ‘वडिलांवर कमी लिहिले गेले’ अशी तक्रार नोंदवणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. दलित आत्मकथनांपासून ग्रामीण कादंबरीपर्यंत बाप भरपूर आला आहे. येथे विचारायचा प्रश्न अधिक मर्यादित आहे. मराठी कलाकृतींत पिता मनाने खचतो, तेव्हा त्याच्यासाठी आधार कोण शोधते, कोठे शोधते आणि तो कोणाकडून मिळतो? या दृष्टीने वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ (१९७०) हे नाटक, सतीश मनवर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हे दोन चित्रपट एकत्र वाचण्याचा हा प्रयत्न आहे. एक रंगभूमीवरचा वृद्ध नट, दुसरा विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी, तिसरा संस्कृतचा निवृत्त प्राध्यापक. तिघांचे वर्ग, वय आणि व्याधी वेगवेगळ्या आहेत. ‘बाप’ ही भूमिका मात्र तिघांनाही समान आहे आणि आधाराच्या वाटेवर हीच भूमिका प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रकारे आडवी येते.

शोकात्मिकेच्या चौकटीतील आप्पा

‘नटसम्राट’वरील समीक्षेची एक ठरलेली वाट आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी तुलना, गणपतराव बेलवलकरांच्या स्वभावातील शोकात्म दोष, निवृत्तीच्या क्षणी मुलांवर सर्वस्व उधळून टाकण्याची चूक, आणि मग त्या चुकीतून अटळपणे येणारी परवड. पदवी परीक्षेत ‘आप्पांच्या शोकात्मिकेची कारणे स्पष्ट करा’ अशा धाटणीचा प्रश्न आला की विद्यार्थी हीच उत्तरे लिहितो आणि आपण त्याला गुण देतो. या वाचनात चूक काही नाही. परंतु ‘अटळ’ हा शब्द एकदा वापरला की पुढचे सारे प्रश्न बंद होतात, हे आपल्या लक्षात येत नाही. जे अटळ आहे त्यावर उपाय कसला शोधायचा?

वास्तविक नाटककाराने जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. आयुष्यभर हजारो डोळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून एका घरातील अडगळ होतो. व्यवसाय, टाळ्या, मित्रमंडळी आणि स्वतःचे छप्पर हे सारे तो जवळपास एकाच वेळी गमावतो. त्यानंतर मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि पाठोपाठ कावेरी जाते. निवृत्ती, मानहानी आणि जोडीदाराचा मृत्यू या तीन आघातांनंतर वृद्ध पुरुषाचे मन कोणत्या टोकाला जाऊ शकते, हे आज कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. आप्पांचे ते प्रसिद्ध स्वगत आपण उच्चारशैलीचा नमुना म्हणून, स्नेहसंमेलनातील एकपात्री प्रवेश म्हणून इतक्यांदा ऐकले आहे की, त्यात एक माणूस जगण्याविषयीच शंका घेत आहे, ही गोष्ट कानाआड गेली आहे. डॉ. श्रीराम लागू हे स्वतः पेशाने वैद्यक होते आणि त्यांनी ही भूमिका ज्या शारीरिक-मानसिक थकव्याने उभी केली त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण ती चर्चा नटाच्या थकव्याची होती, पात्राच्या नव्हे.

कावेरी जिवंत असेपर्यंत आप्पांचा आधार कावेरीच आहे. ती त्यांना सांभाळते, सावरते, वेळप्रसंगी झापते. मराठी घरात पुरुषाच्या मनाची सारी व्यवस्था पत्नीकडे सोपवलेली असते आणि तिच्याखेरीज दुसरी कोणतीच व्यवस्था नसते, हे या नाटकाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. ती गेल्यावर जो उरतो तो बूटपॉलिश करणारा राजा. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. राजाला आप्पांकडून काही मिळालेले नाही आणि मिळायचेही नाही. त्याच्या लेखी हा माणूस कोणाचा बाप नाही. फक्त एक म्हातारा आहे. ज्या क्षणी आप्पा ‘वडील’ या पदावरून पूर्ण खाली येतात, त्या क्षणी त्यांना माणसाचा हात मिळतो.

पाळत आणि विचारपूस

‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटाचा विषय वरवर पाहता शेतकरी आत्महत्या हा आहे. बारकाईने पाहिले असता त्याचा खरा विषय आत्महत्येची भीती हा आहे, आणि ही भीती शेतकऱ्याच्या मनात नसून त्याच्या बायकोच्या मनात आहे. शेजारचा एक शेतकरी जीव देतो. अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात धसका बसतो की आपला किसना (गिरीश कुलकर्णी) हाही त्याच वाटेने जाणार. तो गप्प दिसला की तिला शंका येते, एकटा निघाला की शंका येते. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे राहायला सांगते, सासूलाही (ज्योती सुभाष) या कामी लावते, नवऱ्याला गोडाधोडाचे करून घालते, त्याचे मन दुखावेल असे काही बोलायचे नाही असे ठरवते. हे किसनाला ठाऊक नाही. त्याला कळत नाही की घरात अचानक एवढी मर्जी का राखली जाते आणि पोरगा सावलीसारखा का चिकटला आहे. दिग्दर्शकाने हा सारा भाग चक्क विनोदी अंगाने रंगवला आहे आणि प्रेक्षक हसतोही. हसता हसता त्याच्या लक्षात येते की हे कुटुंब जमेल तसे, आपल्यापरीने, एक मनोरुग्णालयच चालवत आहे.

अलकाच्या उपायांची यादी पाहावी. एकटे सोडू नये, चांगले खाऊ घालावे, टोचून बोलू नये. ज्याच्याविषयी काळजी वाटते त्याला एकटे न सोडणे हा सल्ला तर आज प्रशिक्षित समुपदेशकही देतात. अशिक्षित म्हणून हिणवली जाणारी ही बाई सहजबुद्धीने बरेचसे बरोबर करते. तिच्या हातून फक्त एकच गोष्ट होत नाही : ती किसनाला विचारत नाही. ‘तुमच्या मनात काय चाललंय’ हा प्रश्न संपूर्ण चित्रपटाच्या मध्यभागी न उच्चारलेला राहतो. विचारले तर आपणच ती कल्पना त्याच्या डोक्यात घालू, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात थेट आणि आपुलकीने विचारल्यामुळे धोका वाढत नाही, असेच या क्षेत्रातील अभ्यास सांगतात. पण अलकाला हे कोणी सांगावे?

या न विचारण्याला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होता येणार नाही. त्यामागे भाषेची अडचण आहे. ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकी आहे. शेतावरून आलेल्या नवऱ्याला ‘तुम्हाला नैराश्य आलंय का’ असे कोणी विचारत नाही. बोलीत शब्द आहेत, नाहीत असे नाही : जीव घाबरतो, जिवाला घोर लागतो, मन लागत नाही, काही गोड लागत नाही, डोकं चालत नाही. अलीकडे ‘टेन्शन’ हा शब्द तर खेड्यापाड्यांत मराठीच झाला आहे. मात्र हे शब्द ज्याने स्वतःविषयी वापरायचे तो बाप असेल, तर ते वापरताच तो घराचा कर्ता या भूमिकेतून बाहेर पडतो, निदान त्याला तसे वाटते. कर्त्या माणसाला घोर असतो; पण तो बोलून दाखवायचा नसतो. म्हणून चित्रपटात शब्दांची जागा पुरणपोळीने घेतली आहे आणि विचारपुशीची जागा पाळतीने. पाळतीत प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर पाळत आहे तो या संवादात सहभागी नाही. किसनाचे आतले जग अलकाइतकेच आपल्यालाही अखेरपर्यंत बाहेरूनच पाहावे लागते. ही चित्रपटाची उणीव आहे असे म्हणण्याचा मोह होईल. प्रस्तुत लेखकाला तीच त्याची सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

या संदर्भात दिनूचाही विचार व्हायला हवा. बापाच्या जिवाची जबाबदारी एका लहान मुलाच्या पायांवर टाकली जाते. समीक्षकांनी दिनूच्या निरागसतेचे कौतुक केले. त्या मुलाने काय वाहून नेले याचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही.

व्यवस्थेचा प्रश्न, मनाचा प्रश्न

शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत मानसिक आरोग्याचा मुद्दा काढला की एक रास्त आक्षेप घेतला जातो. कापसाचे भाव, सिंचनाचा अभाव, पतपुरवठ्याची दुरवस्था हे प्रश्न बाजूला सारून शेतकऱ्याला मनोरुग्ण ठरवणे म्हणजे धोरणकर्त्यांना मोकळे सोडणे होय, असा हा आक्षेप आहे. पी. साईनाथ यांच्या विदर्भातील वार्तांकनाने ही संरचनात्मक कारणे देशासमोर आणली आणि ती दृष्टी सोडून देण्याचे काही कारण नाही. प्रश्न असा आहे की कारण आर्थिक आहे म्हणून वेदना मानसिक नसते काय? पीक बुडाल्याने झोप उडालेल्या माणसाला पीकविमाही हवा असतो आणि झोपही हवी असते. या दोहोंपैकी एकच मागता येईल अशी सक्ती त्याच्यावर कोणी केली?

ही सक्ती काही प्रमाणात शासकीय कागदानेच केली आहे. महाराष्ट्र शासनाने २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ज्या निकषांवर ठरवले, ते नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा असे आहेत. निकषांमागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा एक परिणाम असा की, मृताच्या मनःस्थितीविषयी बोलणे कुटुंबाच्या हिताचे राहत नाही. तो कित्येक महिने गप्प होता, जेवत नव्हता, रात्री उठून बसत होता, हे सांगितले तर प्रकरण घरगुती कारणात किंवा आजारपणात जाईल ही भीती आहेच. म्हणजे जिवंतपणी ज्याविषयी कोणी विचारले नाही, त्याविषयी मृत्यूनंतर बोलणेही अडचणीचे. आपल्याकडील आत्महत्येच्या साहित्यात कर्जाचे तपशील आकड्यांसह येतात आणि मनाचे तपशील मोघम राहतात, याचे एक मूळ या पंचनाम्याच्या भाषेतही असावे.

आकडेवारीकडे पाहिले तर प्रश्न शेतकऱ्यांपुरता नाही, हेही दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ७१ हजार आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १ लाख २२ हजार पुरुष होते आणि त्यांत विवाहित पुरुषांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, म्हणजे २२ हजारांहून जास्त होता. अहवालात ‘पिता’ असा रकाना नाही. विवाहित, अविवाहित, विधुर, घटस्फोटित असे रकाने आहेत. मागे राहिलेली मुले कोठेच मोजली जात नाहीत.

दुसरीकडे, विचारपूस केली तर माणसे येतात, याचा पुरावा याच मातीत मिळाला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने राबवलेल्या उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ यांची साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या साह्याने तणावग्रस्त व्यक्ती शोधाव्यात अशी योजना होती. योजना म्हणून ती स्तुत्यच. पण आशाताई घरी येते तेव्हा बाप शेतात असण्याचीच शक्यता अधिक, आणि दारात उभी राहून उत्तर देणारी पुन्हा अलकाच. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. फोन आपल्या हातातला असतो, त्याला घराचा उंबरा ओलांडावा लागत नाही, ही या सेवेची जमेची बाजू. तो क्रमांक फिरवण्यापूर्वी स्वतःला ‘मला मदत हवी’ असे म्हणावे लागते, आणि किसनाची अडचण नेमकी तेथेच आहे.

आधार अनोळखी हातांचा

‘अस्तु’मधील चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) यांचा आजार नैराश्य नाही, स्मृतिभ्रंश आहे. म्हणून ही तुलना जपून करावयास हवी. तरीही पित्यासाठी आधार शोधणाऱ्या मुलीची कोंडी इतक्या समंजसपणे मराठीत अन्यत्र क्वचितच आली असल्याने तिचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. इरा (इरावती हर्षे) वडिलांना मोटारीत बसवून क्षणभर दूर होते. रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या मोहात ते उतरून त्याच्यामागे निघून जातात. पुढचा चित्रपट म्हणजे शहरभर चाललेला शोध. शोध शब्दशः आहे आणि लाक्षणिकही. विद्वान बापाची लेक असण्याचा अभिमान, त्याच्या शुश्रूषेचा थकवा, त्याला कोठेतरी ठेवावे असा विचार मनात आल्याची टोचणी, हे सर्व इराच्या चेहऱ्यावर एकाच वेळी वाचता येते.

हरवलेल्या शास्त्रींना सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, भाषाही पुरती समजत नाही. ती त्यांना मूल समजून भरवते आणि ते तिच्यात आई पाहतात. इराला जे जमत नाही ते चन्नम्माला जमते. तिच्याजवळ प्रेम अधिक आहे म्हणून ते जमते असे नव्हे. इराला हा माणूस ‘बाबा’ म्हणून हवा आहे आणि चन्नम्माला तशी काही अपेक्षाच नाही. राजा आणि चन्नम्मा यांच्यात त्रेचाळीस वर्षांचे अंतर असूनही त्यांचे काम एकच आहे.

येथे मात्र मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते. आधार कुटुंबाबाहेर, रस्त्यावर, गरीब आणि निरक्षर माणसाच्या निर्व्याज हातून मिळतो, ही कल्पना सुंदर असली तरी सोयीची आहे. तिने मध्यमवर्गीय प्रेक्षकाचे डोळे पाणावतात आणि त्याची सुटकाही होते. राजाला आणि चन्नम्माला स्वतःचे पोट आहे. त्यांच्या घरातल्या बापाचे काय, हा प्रश्न दोन्ही कलाकृतींनी विचारलेला नाही. चन्नम्माचा नवरा, तो हत्तीवाला, याच्या डोक्यावरचा घोर काही कमी नाही. त्याच्यासाठी कोणी शहर धुंडाळणार नाही.

न लिहिला गेलेला बाप

तिन्ही कलाकृतींतील पिते एक तर वृद्ध आहेत किंवा आर्थिक संकटात आहेत. नुकताच बाप झालेला तरुण या चौकटीत कोठेच बसत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची तपासणी करण्यासाठी १९८७ मध्ये एडिंबरो येथे दहा प्रश्नांची जी मापनश्रेणी तयार झाली, ती मातांसाठी होती. पुढे ती पित्यांसाठीही वापरली जाऊ लागली आणि २०१० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के पित्यांत नैराश्याची लक्षणे आढळल्याचे नमूद केले गेले. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रूढी असल्याने हा तरुण त्या काळात बहुधा एकटाच असतो; बारशाला पाहुण्यासारखा जातो, पेढे वाटतो आणि कामावर परत येतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा आहे ती १५ दिवसांची. खाजगी नोकरीत तीही मालकाच्या मर्जीवर. या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या पंधरा महिन्यांत त्याच्या मनाचे काय होते, यावर मराठी कथेने लिहावे एवढा ऐवज त्यात निश्चित आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेची एक बाजू अगदी व्यावहारिक आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन कक्ष असतो, निदान फलकावर तरी असतो. वर्गात बसलेल्या मुलांपैकी काही जण सकाळी दिनूची ड्यूटी करून आलेले असतात, हे त्या कक्षाच्या नोंदवहीत येत नाही. त्यांच्यासमोर आपण ‘नटसम्राट’ शिकवतो. शोकात्म दोष समजावून सांगून झाल्यावर एक प्रश्न निश्चितच विचारता येईल : दुसऱ्या अंकाच्या सुमारास आप्पांना कोणी, कोणत्या शब्दांत, काय विचारायला हवे होते? हा प्रश्न परीक्षेत येणार नाही आणि त्याचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेतही सापडणार नाही. मुले ते बोलीत देतील.